उजवीकडे स्वयंपाकघराचं दार होतं

"बाळाचं डोकं मागून चपटं झालंय, आणि पालथं घातलं की रडून रडून निळं होतं." बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आई दारात चपला काढत असतानाच मला अंदाज येतो. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये बाळाच्या डोक्याचा वरून काढलेला फोटो. डॉक्टरांनी 'टमी टाइम द्या', म्हणजे बाळ जागं असताना त्याला थोडा वेळ पालथं ठेवा, म्हणून सांगितलेलं असतं. सांगायला अर्धं मिनिट लागतं, घरी मात्र रोज त्याची लढाई होते. अशाच एका घराची गोष्ट सांगते. त्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाळ साडेतीन महिन्यांचं होतं. घर वाडी भागातलं, जुनं, माणसांनी भरलेलं. आजेसासूबाई, सासू-सासरे, मकरपुऱ्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा नवरा. हिचं माहेर नाशिकचं, लग्नाला दोन वर्षं झालेली.

"ताई, हा सोमवारचा फोटो. हा गुरुवारचा. फरक वाटतो का काही?"

मागून उजवीकडचा भाग सपाट दिसत होता, उजवा कान डाव्यापेक्षा जरा पुढे आलेला. ती अंगठ्याने फोटो सरकवत होती आणि डोक्याचे फोटो संपतच नव्हते. मी विचारलं, "त्याच्या चेहऱ्याचे दाखव ना."

"आहेत की," म्हणाली आणि शोधायला लागली. मागे मागे जात पार बारशापर्यंत पोचली, तेव्हा कुठे एक सापडला.

पुढचं सगळं सांगण्याआधी एक गोष्ट. असं बाळ माझ्याकडे आलं की मी पहिल्यांदा विचारते, बालरोगतज्ज्ञांनी डोकं हाताने तपासलंय का? बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात, मध्ये शिवणी असतात. जन्मताना डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत दर महिन्याला जवळजवळ 2 सेंटीमीटरने वाढतो. इतक्या वेगाने वाढणारी मऊ गोष्ट एकाच जागी टेकून राहिली तर तिथे सपाट होणारच. त्याने मेंदूवर दाब येत नाही. पण क्वचित एखादी शिवण वेळेआधीच जुळते, तो प्रकार वेगळा आणि त्याला शस्त्रक्रिया लागू शकते. शिवणीवर टणक उंचवटा लागत असेल, डोक्याचा आकार जन्मापासून तसाच असेल किंवा दिवसेंदिवस जास्तच वाकडा होत असेल, तर माझ्यासारखीकडे वेळ घालवू नका. या बाळाच्या शिवणी व्यवस्थित होत्या. मान डावीकडे वळताना थोडी अडत होती, त्यासाठी फिजिओथेरपिस्टने हलके व्यायाम शिकवले होते. उरला होता तो टमी टाइम.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "घोडियात फार झोपवलं. तिथं तो शांत राहायचा, तेवढ्यात माझ्या पोळ्या व्हायच्या." थोडं थांबून म्हणाली, "वर्षाच्या आत जावळ आहे. केस आहेत तोवर झाकलेलं आहे. जावळ काढल्यावर सगळ्यांना दिसेल."

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. घोडियं म्हणजे लोखंडी घोड्याला टांगलेली कापडी झोळी. इथल्या मराठी घरांत पाळण्यापेक्षा तेच जास्त दिसतं.

मी म्हटलं, घरी येते.

बाळाच्या बाबतीत मी हा हट्ट धरतेच. मी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात बालविकास शिकले. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीचे मापदंड याच बडोद्यात, इथल्याच बाळांना तपासून बसवले, आणि त्या कामाचा अभिमान आमच्या विभागात आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवला गेला. तिथेच माझ्या मनात पक्कं झालं, की बाळ एकटं कधी नसतंच. कुणाचा तरी चेहरा, कुणाचा तरी आवाज, खोलीतली एक ठरावीक जागा, असं सगळं धरून ते बाळ असतं. ते न बघता नुसतं बाळ तपासलं तर अर्धंच दिसतं.

घरी तिने चटई घातली, दुपटं अंथरलं, मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावला आणि बाळाला पालथं घातलं. स्वतः त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात त्याच्या कमरेपाशी. बाळाने नाक दुपट्यातून वर काढलं. मान थरथरत उचलली, समोर बघितलं, परत खाली टेकवली. पुन्हा उचलली. मग ओठ बाहेर आला आणि किंकाळी. तिने दात आवळलेले होते. "अजून चार मिनिटं," ती टायमरकडे बघत म्हणाली.

"उचल त्याला," मी म्हटलं. "पालथं घातल्यावर तू कुठे असतेस?"

"मागे. धरून."

"त्याला काय दिसतं?"

तिने जरा विचार केला. "फरशी."

मी उठले आणि घोडियाकडे गेले. खाली वाकून, बाळाचं डोकं जिथे टेकतं तिथे माझं डोकं नेलं. डावीकडे भिंत आणि लोखंडी कपाट. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, दारातून सरळ दिसणारा ओटा.

"इकडे ये," मी म्हटलं. "इथून बघ."

ती वाकली. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग घोडियाची दोरी धरून खाली बसली.

"म्हणजे तो माझ्याकडे बघत होता?"

"साडेतीन महिने."

ती रडायला लागली. मी काही बोलले नाही. तिने जी खूण स्वतःच्या हलगर्जीपणाची म्हणून रोज मोजली होती, ती त्याने आईला शोधत राहिल्याचीही होती. मानेचा आखडलेपणा होता, झोळीत एकाच बाजूला पडणं होतं, हे खरंच. एकाने दुसऱ्याला खतपाणी घातलं. पण त्या बाजूला वळून बघावं असं काहीतरी होतं, म्हणून तो वळत होता. आणि पालथं घातल्यावर नेमकं तेच नाहीसं होत होतं. इतक्या वर्षांत पालथं न राहणारी कितीतरी बाळं मी पाहिली. त्यातल्या बऱ्याच बाळांची तक्रार जमिनीबद्दल नव्हतीच, आई दिसेनाशी होते याबद्दल होती, हे मला त्या घोडियापाशी वाकून स्वच्छ दिसलं.

मी विचारलं, "दिवसभरात तो पालथा असतो आणि रडत नाही, असं कधी होतं?"

"कधीच नाही."

झोपाळ्यावरून आजी, म्हणजे तिच्या आजेसासूबाई, म्हणाल्या, "का? मालिशवाली मासी पायांवर घेऊन पाठ चोळते तेव्हा?"

"ते टमी टाइम थोडंच आहे, आजी!"

"का नाही?" मी म्हटलं. "किती वेळ असतो तसा?"

"असेल सात-आठ मिनिटं. मग पाणी घालते."

"रडतो?"

"नाही. टुकुटुकु बघत असतो."

"कुठे?"

उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मासी पाय लांब करून पाटावर बसतात, बाळ त्यांच्या नडग्यांवर पालथं, तोंड पावलांच्या बाजूला. आणि पावलांपाशी पंचा पसरून कोण बसलेलं असतं?

"मी," ती म्हणाली. "मी बसते समोर."

त्या दिवसापासून टायमर बंद केला.

आता तिला जे सांगितलं तेच सगळ्या आयांना सांगते. पालथं घालणं जमिनीपासून सुरू करायचं नाही, अंगापासून करायचं. तुम्ही उशीला टेकून तिरक्या रेला, बाळ छातीवर पालथं. त्याने मान उचलली की समोर तुमचा चेहरा. हेही टमी टाइमच. मग मांडीवर आडवं. मग पायांवर, मासी घेतात तसं. हे जमू लागलं की चटई, आणि तेव्हा छातीखाली पंच्याची गुंडाळी, दोन्ही हात गुंडाळीच्या पुढे, कोपरं खांद्यांच्या खाली. आणि तुम्ही समोर पालथ्या झोपा, हनुवटी जमिनीला. घरातल्या सुनेने दिवाणखान्यात असं पालथं पडायचं म्हणजे पहिल्या दिवशी संकोच होतो. होऊ दे.

दूध पाजल्यावर लगेच नको, ओकारी होते. लंगोट बदलला की लगेच अर्धं मिनिट, असं जोडून टाकलं की वेगळं आठवावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली, रांगायला न लागलेल्या बाळांसाठी, जागेपणी दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटं सांगितली आहेत. 'दिवसभरात मिळून' हे शब्द नीट वाचा. मासींची आठ मिनिटं धरली तर या बाळाचा चौथा हिस्सा रोज सकाळी होतच होता, आणि आई स्वतःला शून्य मार्क देत होती.

कुरकुर म्हणजे मेहनत, ती चालू द्या, बोलत राहा. रडण्याचा सूर चढला की उचला, आणि जमलं तर सूर चढायच्या आधी उचला. पाच मिनिटं रडवून घेतलेल्या बाळाला दुसऱ्या दिवशी चटई दिसली तरी रडू येतं.

हे सगळं जागेपणी आणि कुणीतरी डोळ्यांसमोर असतानाच. झोपवायचं मात्र पाठीवरच, सपाट, घट्ट गादीवर. झोपेत अचानक होणारे बालमृत्यू टाळण्यासाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये बाळांना पोटावर झोपवू नका असं सांगितलं आणि ते मृत्यू पुढे खूप कमी झाले. चपटी डोकी त्यानंतर तिकडे जास्त दिसू लागली, पण म्हणून कुणी सल्ला मागे घेतला नाही. चपटेपणावर इलाज आहे. रात्रीची झोप घोडियातून गादीवर आणायला मी त्या घरी सांगितलं, आणि एक दिवस उशाशी डोकं, एक दिवस पायथ्याशी, म्हणजे दार कधी उजवीकडे येईल, कधी डावीकडे.

मोहरीच्या उशीचा विषय सगळ्यात अवघड होता. आजींनी स्वतः शिवलेली, पांढऱ्या मलमलची, बाळ जन्मायच्या आधीच. "आमच्याकडे सगळ्यांची डोकी हिच्यावर गोल झाली," म्हणाल्या. त्यांच्या मायेवर मला शंका नव्हती. पण वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत कुठलीच उशी नको, गुदमरण्याचा धोका असतो. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही 2022 मध्ये बजावलं आहे. मासींनी डोकं दाबून गोल करायचं नाही, तेल हलक्या हाताने, हेही त्याच बैठकीत सांगून टाकलं. आजी गप्प झाल्या. मी म्हटलं, "आजी, मला तुमची मदत हवी आहे. याला डावीकडे वळवायचंय आणि डावीकडे भिंत आहे. तुम्ही बसाल तिथे?"

बसल्या. रोज दुपारी बाळाच्या डाव्या हाताला, हातातल्या पाटल्या वाजवत. आठवड्याभरात त्याला कळलं की डावीकडेही कुणीतरी राहतं.

नवऱ्याने हेल्मेटबद्दल विचारलं, मोबाइलवर पाहिलं होतं, खर्चाची तयारी होती. त्याला मी नेदरलँड्समधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं, 2014 सालच्या. मध्यम ते बऱ्याच चपट्या डोक्याच्या बाळांमध्ये हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्ही गटांत दोन वर्षांच्या वयाला फारसा फरक नव्हता. शेवटचा शब्द डॉक्टरांचा, पण तो पैसा आणि ती धावपळ आधी करू नका. त्याऐवजी शिफ्टवरून आल्यावर अर्धा तास बाळाला छातीवर घ्या. तो घेऊ लागला, आणि हे काम फक्त आईचं आहे ही समजूत त्या घरातून गेली. माझ्या मते बाळाच्या मानेइतकाच फायदा तिथे झाला.

महिनाभर मोठं काही घडलं नाही. मग एके दिवशी चटईवर दोन्ही कोपरांवर उभारून तो आईकडे बघून हसला. सहाव्या महिन्यात आपणहून पालथा पडला. तोवर मान दोन्हीकडे सारखी वळत होती. सपाट भाग भरत आला, पूर्ण नाही. बसायला लागल्यावर आणखी भरला.

अकराव्या महिन्यात जावळाचं बोलावणं आलं. बाळ मामाच्या मांडीवर, कोवळे केस ताटलीत पडत होते. मी आईकडे बघत होते. ती बाळाच्या समोर खाली बसली होती, त्याचे दोन्ही हात धरून, आणि तो रडत असला तरी तिच्याकडेच बघत होता. केस संपले. उजवीकडे मागे, हाताच्या तळव्याएवढा भाग अजून थोडा सपाट होता, उजेडात दिसत होता. नणंद काहीतरी म्हणणार इतक्यात तीच म्हणाली, "हो, तिथे जरा आहे अजून. आजी, हळद आणा."

आजींनी वाटीत बोट बुडवलं आणि डोक्यावर स्वस्तिक काढलं. उजवीकडची रेघ सपाट भागावरून सरळ निघाली. बाळाने मान डावीकडे वळवून पाटली धरली.