छेदन, विच्छेदन की आणखी काही?

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘एक्सिजन बायोप्सी’ला (अख्खी गाठ काढून तपासण्याला) ‘छेदन’ म्हणावं की ‘विच्छेदन’, असा प्रश्न आहे.

‘विच्छेदन’ मुळीच नको. तो शब्द शवविच्छेदनाशी इतका घट्ट जोडला गेला आहे की जिवंत माणसाच्या हाती द्यायच्या कागदावर तो येऊच नये.

‘छेदन’ हा मात्र फार जुना आणि नेमका शब्द. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार आहेत, त्यांत छेद्य आणि भेद्य वेगवेगळे मोजले आहेत. छेद्य म्हणजे कापून शरीरापासून अलग करणं, भेद्य म्हणजे चीर देऊन आतलं मोकळं करणं. पू धरलेला विद्रधी, म्हणजे गळू, भेद्यात येतो. अर्बुद (मोठी गाठ), अर्श (मूळव्याध) आणि काही ग्रंथी (गाठी) छेद्यात. त्याच यादीत ‘चर्मकील’ही आहे, आपली चामखीळ! तेव्हा मूळ अर्थ पाहिला तर ‘छेदन’ चोख बसतो. अडचण आहे ती आजच्या वापराची. ‘छेद घेतला’ म्हटलं की आपल्याला चीरच दिसते. भूमितीत रेषा रेषेला छेदते तेव्हाही काही काढून टाकलं जात नाही. ‘छेदन करून तपासणी’ वाचणाऱ्याला वाटेल, नुसती चीर देऊन बघणार आहेत. संमतीची सही करणाऱ्याचा असा समज होणं मला गंभीर वाटतं.

कारण शेजारीच ‘इन्सिजन बायोप्सी’ उभी आहे. तिच्यात गाठीचा एक तुकडाच काढतात, बाकीची गाठ जागेवर राहते. एक्सिजनमध्ये अख्खी गाठ निघते, बहुतेकदा भोवतीच्या निरोगी भागाच्या कडेसकट. म्हणून निदान आणि उपचार एकाच शस्त्रक्रियेत होऊ शकतात. मग त्या कडेपर्यंत रोगट पेशी पोचल्या आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; पोचल्या असतील तर पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. हा सगळा फरक मराठी शब्दांतून कळायला हवा.

पारिभाषिक लेखनासाठी ‘उच्छेदन’ चांगला. ‘उच्छेद’मध्ये समूळ काढून टाकण्याचा अर्थ मराठी कानाला आपोआप ऐकू येतो. पण रुग्णाला तोही जड जाईल.

‘बायोप्सी’ तशीच राहू द्यावी. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बेनिए यांनी 1879 मध्ये ग्रीक धातूंवरून घडवलेला हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. ‘ऊतिपरीक्षा’ पाठ्यपुस्तकात शोभेल. मात्र बायोप्सी सांगितली म्हणजे कर्करोगच, असं अनेकांना वाटतं. कर्करोग नाही ना, याची खात्री करण्यासाठीही ती करतात, म्हणून ‘तपासणी’ हा शब्द सोबत हवाच. गाठीला ‘असामान्य वाढ’ असंही लिहू नये, मराठीत ‘वाढ’ मुलांची आणि पगाराची. जे असेल ते, गाठ, मस किंवा तीळ, नाव घेऊन लिहावं.

मी असं लिहीन: ‘गाठ पूर्ण काढून तपासणीसाठी पाठवणे (एक्सिजन बायोप्सी)’ आणि ‘गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणीसाठी पाठवणे (इन्सिजन बायोप्सी)’.