पबही चालतो, शेतीही चालते. पण एकमेकांच्या जिवावर नाही

नमस्कार. तुमचा बेत थोडक्यात असा दिसतोय: रेडिंगचं घर विकायचं, हेरफर्डशायरकडे पाचेक एकर जमिनीसकट जुना पब घ्यायचा, भाजी-अंडी-मांस घरचं, किचनमधलं उरलंसुरलं डुकरांना आणि तीच डुकरं पुढे गिऱ्हाइकांच्या ताटात. आम्ही दोघं त्याच पट्ट्यात पब चालवतो आणि मागे थोडी जमीनही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नियम इंग्लंडचे सांगतेय. वेल्समध्ये काही फरक आहेत आणि स्कॉटलंडचा दारू परवान्याचा कायदा मुळातच वेगळा.

आधी ते डुकरांचं चक्र डोक्यातून काढा. किचनमधलं काहीही डुकरांना घालणं बेकायदा आहे, अगदी बटाट्याची सालंसुद्धा. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. सुरुवात नॉर्थम्बरलँडमधल्या एका डुक्कर फार्मवरून, नीट न उकळलेल्या खरकट्यातून झाली असा निष्कर्ष निघाला आणि खरकटं घालण्यावर बंदी आली. परसातल्या चार कोंबड्यांनाही हाच नियम. मात्र वाफ्यातून थेट गोठ्यात गेलेली भाजी चालते. म्हणून आमच्याकडे शेडमध्येच एक टेबल मांडलंय. कोबीची बाहेरची पानं, बिटाचा पाला, कीड लागलेले मुळे तिथेच निवडायचे आणि तिथूनच डुकरांकडे. एकदा माल किचनचा उंबरा ओलांडून आत गेला, की उरलेला भाग कचऱ्याच्या गाडीतच जाणार. पोरासोरांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना हे पाठ करून घ्यावं लागतं, कारण येणारा प्रत्येक जण हौसेनं पावाचा तुकडा घेऊन कुंपणाशी जातो.

दुसरी मेख कत्तलीची. घरी कापलेलं मांस तुमच्या घरच्यांनी खाल्लं तर हरकत नाही. गिऱ्हाइकाला वाढायचं तर जनावर मान्यताप्राप्त कत्तलखान्यातूनच यायला हवं. छोटे कत्तलखाने एकेक करून बंद पडताहेत, त्यामुळे आठ आठवड्यांची पिल्लं घ्याल त्याच दिवशी शरद ऋतूतली तारीख धरून ठेवा. आणि हो, एकच डुक्कर पाळायचं म्हटलं तरी आधी जमिनीचा सीपीएच नंबर (शेतजमिनीचा सरकारी नोंदणी क्रमांक) काढावा लागतो. डुकरं आणली-नेली की ऑनलाइन नोंद. बाहेरून डुकरं आणलीत तर वीस दिवस जमिनीवरच्या बाकी डुकरांनाही हलवता येत नाही, फक्त कत्तलीला तेवढी सूट. कोंबड्यांचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची, आणि बर्ड फ्लूचा हुकूम निघाला की मोकळ्या फिरणाऱ्या तुमच्या कोंबड्या कोंडून ठेवायच्या.

मांस हातात आल्यावर खरी गंमत. साधारण सहा महिन्यांच्या डुकरापासून साठ-पासष्ट किलो मांस मिळतं. त्यातल्या चॉप्स एका गजबजलेल्या शनिवारी संपतात. मग खांदे, पोट, पाय, डोकं, काळीज हे सगळं तुमच्यासमोर बसलेलं असतं. इथे आपला स्वयंपाक उपयोगी पडतो. खांद्याचं गोव्याच्या पद्धतीचं विंदालू आम्ही आमच्याच सफरचंदांच्या व्हिनेगरमध्ये मुरवतो, काळजा-हृदयाचं सोरपोतेल करतो. दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त खुलतात, म्हणजे गुरुवारच्या करी नाइटची तयारी मंगळवारी उरकता येते. रविवारी मात्र रोस्टच. तिथे हुशारी करायला जाऊ नका, गाव बिथरतं.

भाजीचा हिशेब अजून निष्ठुर. एप्रिल २०२५ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला तासाला किमान १२.२१ पौंड द्यायचे होते, आणि तो आकडा दर एप्रिलला वरच सरकतो. तेवढा वेळ गाजराच्या वाफ्यात खुरपायला घातला तर किलोला काय भाव पडला, ते स्वतःच काढून बघा. कांदे, गाजर, चिप्सचे बटाटे घाऊकवाल्याकडून पोत्यानं घ्यावेत. आपण लावावं ते महाग, नाजूक आणि लगेच कोमेजणारं: सॅलडची पानं, हर्ब्ज, पॉलिटनेलमधले (म्हणजे प्लास्टिकच्या लांब मांडवातले) टोमॅटो, मिरच्या. मेथी उन्हाळ्यात झकास येते. कोथिंबीर मात्र जरा ऊन लागलं की फुलावर जाते, सावलीत थोडी थोडी पेरत राहा. जमिनीमुळे पैसे वाचतात असं समजू नका. जमीन मेन्यूच्या फळ्यावरच्या दोन-तीन ओळी देते, आणि त्या ओळींसाठी लोक पंचवीस मैलांवरून गाडी काढतात, हे खरं.

त्यातही एप्रिल-मे काढणं अवघड. साठवणीतलं संपलेलं, नवं अजून आलेलं नाही, आणि नेमके ईस्टरचे पाहुणे विचारतात, "यातलं तुमच्या मळ्यातलं काय?" तेव्हा रूबार्ब, जांभळी ब्रॉकली आणि ओढ्याकाठचा रानलसूण यांवर वेळ मारून न्यायची. ऑगस्टमध्ये उलटं. कोर्जेट (झुकिनी) आणि घेवडा आवरत नाही, त्याच वेळी बाहेरची टेबलं भरलेली, आणि चटण्या-लोणची घालायला हात कुणाचे मोकळे? फ्रीजरची जागा आत्ताच मोजून ठेवा.

आता तळघराकडे या, कारण घर चालतं ते तिथून. कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बियर, जिवंत असते. पिंप मांडायचं, तोंडाला मऊ लाकडाची खुंटी मारून वायू जाऊ द्यायचा, गाळ बसायला एक-दोन दिवस द्यायचे, तळघर अकरा ते तेरा अंशांत ठेवायचं. नळ ठोकून विकायला काढलं की तीन दिवसांत संपलं पाहिजे. एक फर्किन म्हणजे नऊ गॅलन, बहात्तर पाइंट, त्यातले शेवटचे काही गाळात जातात. फेब्रुवारीतल्या ओल्या आठवड्यात एवढं खपत नसेल तर तीन-तीन एल लावण्याची हौस नको, एक चांगली ठेवा. नळ्या आठवड्याला धुवायच्या म्हणजे धुवायच्या. मेंढी अडली असेल त्याच दुपारी ब्रुअरीचा ट्रक दारात उभा राहतो. दोघांनी कामं वाटून न घेता दोन्हीकडे दोघं धावलात तर काही खरं नाही. आमच्याकडे तळघर आणि हिशेब नवऱ्याकडे, किचन आणि जमीन माझ्याकडे, आणि दुसऱ्याच्या हद्दीत फुकटचा सल्ला द्यायचा नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगते. दारूसाठी जागेचा परवाना वेगळा आणि माणसाचा वेगळा. माणसाच्या परवान्यासाठी एक छोटी परीक्षा आणि गुन्ह्यांची साधी तपासणी लागते, आणि इथे काम करण्याचा हक्क दाखवावा लागतो. वर्क व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशन वकील गाठा. खाद्य व्यवसायाची नोंदणी उघडण्याच्या अठ्ठावीस दिवस आधी कौन्सिलकडे. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात सोडणं जानेवारी २०२० पासून बंद आहे, आणि जुन्या पबांमध्ये हेच भोक खिसा रिकामा करतं. स्वतंत्र सर्व्हे करून घ्या. सायडरची (सफरचंदाच्या दारूची) हौस असेल तर वर्षाला सात हजार लिटरच्या आत राहिलात तर ड्यूटीतून सूट मिळते, हा एक आनंदाचा कोपरा.

तुम्ही लिहिलंय की दुसरा एक पब लीजवर "स्वस्तात" मिळतोय. तो टाय असलेला असणार. म्हणजे भाडं कमी, पण बियर मालक कंपनीकडूनच, तिच्या दरानं. पाचशे किंवा त्याहून जास्त टाय पब असलेल्या कंपन्यांना २०१६ पासून पब्ज कोड लागू आहे, ठरावीक टप्प्यांवर बाजारभावाचं भाडं देऊन टाय सोडवता येतो. पण दुरुस्तीची सगळी जबाबदारी भाडेकरूवर टाकणारं कलम आहे का ते पहिल्यांदा वाचा. तीनशे वर्षांचं छप्पर तुमच्या गळ्यात पडू शकतं.

नॉर्थ यॉर्कशायरमधल्या ओल्डस्टेडच्या ब्लॅक स्वान या पबचं उदाहरण तुम्ही दिलंत. ते खरंच थोर काम आहे, पण बँक्स कुटुंब त्या गावात आधीपासून शेती करत होतं, पब घेतला २००६ मध्ये. शेती हाडात होती, शिकायचा होता तो पब. तुम्हाला दोन्ही शिकायचंय.

म्हणून माझं मत: पहिलं वर्ष फक्त पब. जमीन शेजारच्या शेतकऱ्याला चराईला द्या. कुंपण शाबूत राहील आणि पाणी कुठे तुंबतं, दव कुठे जास्त दिवस पडतं हे तो न विचारता सांगेल. दाराशी हर्ब्ज, एक पॉलिटनेल, बस्स. डुकरं दुसऱ्या वसंतात, आणि दोनच. एकटं डुक्कर कुढतं.

सही करण्याआधी विकणाऱ्याकडून तीन वर्षांचे हिशेब मागा, दारू आणि जेवण वेगवेगळं दाखवलेले. फक्त एकूण उलाढाल सांगत असेल तर थांबा. आणि एकदा जानेवारीतल्या मंगळवारी संध्याकाळी जाऊन कोपऱ्यात बसा. बारपाशी कोण येतं, किती पितं, आणि विस्तवात लाकूड कोण घालतं ते बघा. आकडे आले की इथेच टाका, मी आणि नवरा बघून सांगू.