कर्ज काढून इंग्लंड, की आधी इथली नोंदणी?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला देशोदेशी, निर्वासितांच्या छावण्यांत मानसिक आरोग्याचं काम करायचंय. त्यासाठी कर्ज काढून तिला लगेच इंग्लंडला एका वर्षाच्या एम.एस्सी.ला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंत. घरी तेलुगू बोलता, हेही लिहिलंत. ते फार कामाचं आहे.

आत्ता पाठवू नका. इंग्लंडमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे पदनाम कायद्याने राखीव आहे. त्यासाठी एचसीपीसीची, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या परिषदेची नोंदणी लागते आणि ती एका वर्षाच्या एम.एस्सी.वर मिळत नाही. तिथला नेहमीचा रस्ता डॉक्टरेटचा. परत आल्यावर आपली भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, तेवढ्या पदवीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंद करत नाही. मग डोक्यावर कर्ज आणि परवाना ना तिकडचा, ना इकडचा.

आधी इथेच एम.ए. करू द्या, 55 टक्क्यांच्या वर. मग आरसीआयमान्य क्लिनिकल अभ्यासक्रम. हा अभ्यासक्रम आजवर एम.फिल.चा असायचा; ती जुनी रचना बदलते आहे, म्हणून अर्ज भरताना परिषदेच्या संकेतस्थळावरची त्याच वर्षीची मान्य संस्थांची यादी पाहा. बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी अशा मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थांत जागा मोजक्या असतात. पहिल्या खेपेला नंबर लागला नाही, तर तिला बोलू नका. मदतसंस्था पदवीनंतरचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागतात, बहुधा दोन वर्षांचा तरी. इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर दारं जास्त उघडतात.

छावण्यांतलं काम नेमकं काय असतं, हेही तिला आधी कळायला हवं. बाहेरून गेलेला मानसशास्त्रज्ञ दिवसभर रुग्णांसमोर बसलेला नसतो. तो स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवतो, त्यांच्या केसेस ऐकतो, गंभीर रुग्ण पुढे पाठवतो, अहवाल लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेची 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पद्धत मुद्दाम बिगरतज्ज्ञांसाठी बेतलेली आहे: आठवड्याला एक, अशा दीड-दीड तासाच्या पाच बैठका. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून वस्तीतल्या आज्यांना शिकवून बाकावर बसून समुपदेशन सुरू केलं. शिकवण्याची आवड नसेल, तर हे क्षेत्र तिला जड जाईल.

चुका होतात त्या प्रश्नावलीत आणि दुभाष्यात. नैराश्य तपासायची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली उदाहरण म्हणून घ्या. नऊ प्रश्न, जास्तीत जास्त 27 गुण, 10 किंवा त्याहून जास्त आले तर लक्ष द्यायचं. पण त्यात झोप, भूक आणि थकवाही विचारतात. दिवसभर विड्या वळून रात्री स्वयंपाकाला लागणारी बाई तिथे गुण मिळवणारच, आणि छावणीतला उपाशी माणूसही. म्हणून गुणांबरोबर दिनक्रमही विचारावा लागतो. नववा प्रश्न जीव द्यावासा वाटतो का, हा. तो सुनेला विचारायचाय आणि दुभाषी सासू असेल, तर उत्तर 'नाही'च येणार. दुभाषी नात्यातला नको, लहान मूल तर नकोच. बैठकीआधी दहा मिनिटं त्याला काय विचारणार ते सांगायचं; तिघांनी त्रिकोणात बसायचं; नजर दुभाष्याकडे नाही, त्या बाईकडे; एका वेळी एकच वाक्य. 'ती म्हणतेय' असं न करता दुभाष्याने तिचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं. बैठक संपल्यावर त्याला विचारायचं, काही सांगायचं राहिलं का?

हे शिकायला तुमच्या सोलापूरसारखी दुसरी जागा नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दू आणि मराठी. तुमच्या मुलीची तेलुगू पक्की आहेच. कन्नड बोलायला शिकू द्या. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात किंवा विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत, अनुभवी माणसाच्या हाताखाली काही करता येईल का, ते विचारा. पण बी.ए.वर स्वतंत्र समुपदेशन करू देऊ नका. त्यात समोरच्याचं नुकसान होतं. मानसिक प्रथमोपचार मात्र आत्ताही शिकता येतात: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या.

आणि एक वही घालून द्या. तारीख, तास, कामाचं स्वरूप, देखरेख करणाऱ्याची सही आणि संस्थेचा शिक्का. रुग्णाचं नाव त्यात कधीच नको. नोंदणी करणाऱ्या परदेशी परिषदा प्रशिक्षणाचे तास आणि अभ्यासक्रमाचा तपशील मागतात. दहा वर्षांनी ते कागद गोळा करताना नाकी नऊ येतात, कारण सही करणारे निवृत्त झालेले असतात.

तोवर एजंटचा फोन आला, तर एकच विचारा: या पदवीवर कोणत्या देशात, कोणत्या पदनामाने नोंदणी मिळते? उत्तर लेखी मागा.