गॅस गिझरचा पाईप डक्टमध्ये सोडावा का?

प्रश्न : काका, आम्ही मुलुंडला चौथ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो. सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी. विजेचं बिल वाढत चाललं म्हणून पाईप गॅसवरचा ६ लिटरचा गिझर घेतलाय, अजून खोक्यातच आहे. प्लंबर म्हणतो, बाथरूममध्ये लावू, खिडकीच्या काचपट्ट्या उघड्या ठेवा. दुकानदार म्हणतो, जळलेल्या गॅसची हवा बाहेर न्यायला वरून ॲल्युमिनियमचा पाईप काढा आणि डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमच्या खिडकीबाहेरच्या उभ्या पोकळीत, सोडा. सासूबाई वारा लागतो म्हणून पट्ट्या बंदच करतात. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. खोकं उघडायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत. माझी सगळी नोकरी गॅस फिटिंगमध्येच झाली, आणि दर थंडीत पेपरात बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे माणूस गेल्याची तीच बातमी वाचली की अजून जीव कळवळतो.

गिझर बाथरूमच्या बाहेर लावा. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर जागा असते, तिथे. आत फक्त गरम पाण्याची लाईन जाऊ दे. सुरुवातीला थोडं गार पाणी येईल, ते कपड्यांना वापरा.

कारण सांगतो. १ घनमीटर पाईप गॅस नीट जळायला जवळपास १० घनमीटर हवा लागते, आणि ६ लिटरचा गिझर पूर्ण चालला की तासाला साधारण १ घनमीटर गॅस घेतो. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवाच मुळी साडेपाच घनमीटर. म्हणजे पट्ट्या बंद करून पंधरा मिनिटं आंघोळ चालली, तर जवळजवळ निम्म्या हवेतला प्राणवायू ज्योतीनेच खाल्ला. तो कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर कळावं म्हणून कंपनी त्यात वास घालते, पण तो वास जळून जातो. त्यामुळे ‘वास तर येत नाही’ यावर विसंबू नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी काढायला हात उचलत नाही.

आता डक्ट. मुंबईत हा प्रकार सर्रास चालतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्या डक्टमध्ये ड्रेनेजचे पाईप असतात आणि प्रत्येक मजल्यावरच्या बाथरूमची खिडकी तिथेच उघडते. गच्चीवर पावसासाठी पत्रा ठोकलेला असला तर वर हवा जायला वाटच नाही. तुमच्या गिझरची गरम हवा वर चढणार आणि पाचव्या-सहाव्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरणार. तिथे कुणी तान्ह्या बाळाला न्हाऊ घालत असेल. तुमच्या घरचा धोका शेजाऱ्याच्या घरी पाठवायचा नाही, ताई. सोसायटीत आधीच कुणी असा पाईप सोडला असेल, तर सेक्रेटरींना लेखी कळवा.

ड्राय बाल्कनीला स्लायडिंग लावून ती बंद केली असेल, तर तीही बाथरूमसारखीच झाली. तिथली एक काच कायमची काढून जाळी बसवा. पाईप लावायचा झाला तर मोकळ्या हवेत निघेल असा लावा, वळणं कमीत कमी, तोंड कुणाच्या खिडकीजवळ नको. पीव्हीसी अजिबात नको. तोंडाला मोठ्या भोकांची जाळी हवी, नाहीतर कबुतरं घरटं करून पाईप बुजवतात. मच्छरदाणीची बारीक जाळी मात्र काजळीने भरते.

खोक्यावर पीएनजी (म्हणजे पाईप गॅस) लिहिलंय का, आजच बघा. एलपीजी (सिलिंडरचा गॅस) असेल तर बदलून आणा, दोन्हींचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, वेगळे असतात. गॅसच्या लाईनला प्लंबरला हात लावू देऊ नका, गॅस कंपनीकडे अर्ज करा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरली, की गिझर बंद.

ड्राय बाल्कनीच नसेल, तर गिझर परत करा आणि विजेचाच ठेवा. बिल थोडं जास्त येऊ दे.

कुणाला चक्कर आलीच तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ लावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं तरी घरी थांबू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्तही प्राणवायूने भरलेलंच समजतं. दवाखान्यात पोचताच ‘गॅस गिझर चालू होता’ हे पहिलं सांगा.

प्रश्न : गॅस अलार्म लावला तर चालेल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : लावा, पण विकत घेताना कार्बन मोनॉक्साइडचा आहे ना ते विचारा. बाजारात बरेचसे फक्त गॅसगळतीचे असतात, त्यांना हा वायू ओळखता येत नाही. वाफेने बिघडतो, म्हणून मोरीच्या आत टांगू नका. बाहेर, गिझर असलेल्या खोलीत लावा.