नेटवर्क ड्राइव्हवर मोठी फाइल ४ जीबीलाच का अडकते? क्लाउडलाही अशी मर्यादा असते का?

तुम्ही लिहिलंय की राउटरच्या यूएसबी पोर्टला लावलेल्या डिस्कवर ७ जीबीची फाइल थेट डाउनलोड करता, जागा भरपूर मोकळी आहे, तरी ४ जीबीच्या आसपास डाउनलोड 'फेल्ड' होतं. क्लाउड ड्राइव्हचंही असंच असतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न.

आधी नेट किंवा ब्राउझर बदलत बसू नका. डाउनलोड नेमकं कितीवर थांबतं तो आकडा बघा, दोषी कोण ते त्यावरूनच कळतं. मी हे न बघता तीन रात्री तीच फाइल पुन्हा पुन्हा लावली होती आणि सगळा राग इंटरनेटवर काढला होता. चौथ्या वेळी फोल्डर उघडून अर्धवट फाइलचे बाइट्स वाचत बसलो. आकडा ४ अब्ज २९ कोटींच्या घरात गेला आणि तिथेच मेला. नेट असं दर वेळी एकाच ठिकाणी तुटत नाही.

ही मर्यादा फॅट३२ ची, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायच्या एका जुन्या पद्धतीची (फाइल सिस्टिमची). या फाइल सिस्टिममध्ये फाइलचा आकार लिहायला ३२ बिट्सचीच जागा आहे, त्यामुळे एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सची होऊ शकते, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. डिस्कवर ५०० जीबी मोकळे असले तरी त्याने काही फरक पडत नाही.

इथे एक फसगत होते. मॅप केलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर आपल्याच ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या नेटवर्क ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एनटीएफएस' (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) दिसतं आणि आपण फॅट३२ ची शंका सोडून देतो. बऱ्याच राउटरमध्ये आणि नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यात) फाइल शेअरिंगसाठी सांबा नावाचं सॉफ्टवेअर असतं, आणि आत कुठलीही फाइल सिस्टिम असली तरी सांबा विंडोजला एरवी एनटीएफएसच सांगतं. म्हणून डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला लावा आणि मग प्रॉपर्टीज बघा. फॅट३२ निघाली तर डेटा दुसरीकडे कॉपी करून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. राउटरला त्यातलं काय वाचता येतं हे आधी त्याच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या, नाहीतर फॉरमॅट करून डिस्क दिसेनाशी व्हायची.

डाउनलोड ४८ एमबीच्याही आत अडकत असेल तर प्रकरण वेगळं. ड्राइव्ह वेबडॅव्हने (वेबवरून फोल्डर जोडायच्या पद्धतीने) जोडलेला असेल तर विंडोजची मूळ मर्यादा ५ कोटी बाइट्सची आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) ती वाढवता येते, पण तीही ४ जीबीपर्यंतच. त्याहून मोठ्या फाइलसाठी त्या सेवेचं स्वतःचं ॲप किंवा आरक्लोन (क्लाउडवर फाइल्स कॉपी करायचा प्रोग्रॅम) वापरा, रजिस्ट्रीशी झगडू नका.

क्लाउडच्या मर्यादा फार वरच्या आहेत. गूगल ड्राइव्हवर एक फाइल ५ टीबीपर्यंत चालते (दिवसाला ७५० जीबी अपलोड), वनड्राइव्हवर २५० जीबीपर्यंत. तिथे ७ जीबीची फाइल अडली तर आधी कोटा, म्हणजे खात्याला मिळालेली एकूण जागा, बघा. गूगलच्या फुकट १५ जीबीत जीमेल आणि फोटोही येतात, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. दुसरं म्हणजे कॉम्प्युटरवर दिसणारा क्लाउड ड्राइव्ह फाइल आधी तुमच्याच डिस्कवरच्या कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) उतरवतो आणि मग वर चढवतो. सी ड्राइव्ह भरलेला असेल तर क्लाउडवर कितीही जागा असली तरी काम थांबतं.

मी आता मोठी फाइल नेटवर्क ड्राइव्हवर थेट उतरवतच नाही. आधी कॉम्प्युटरच्या डिस्कवर घेतो, साइटवर चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते तपासायचा कोड) दिलेला असेल तर तो जुळवतो आणि मग रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडने झेड (/Z) पर्याय लावून पुढे पाठवतो. मध्येच वायफाय गेलं तर कॉपी जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. फॅट३२ ची डिस्क फॉरमॅट करणं शक्यच नसेल तर सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने फाइलचे ४ जीबीहून लहान तुकडे करून ठेवता येतात, फक्त वापरण्याआधी ते दुसऱ्या डिस्कवर जोडून घ्यावे लागतात.