जंतू ‘संवेदनशील’ कसा?

एका वाचकाचा प्रश्न आहे: लघवीच्या ‘कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’ रिपोर्टवर एका औषधासमोर ‘सेन्सिटिव्ह’ असं छापलंय. मराठीत संवेदनशील म्हणजे कोमल मनाचा. मग जंतूला हे विशेषण कसं? आणि ‘संवेदनशील’ नि ‘संवेदनक्षम’ यांत फरक काय?

प्रयोगशाळेत काय करतात ते आधी पाहू. पोषक थर असलेल्या बशीवर तो जंतू सगळीकडे सारखा पसरतात. वर वेगवेगळ्या प्रतिजैविकांत भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात आणि बशी रात्रभर साधारण 35 अंश सेल्सिअसला ठेवून देतात. सकाळी जंतूंचा धुरकट थर दाटलेला असतो, पण काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. तिथे जंतू वाढलाच नाही. त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडतात आणि ‘एस’ (सेन्सिटिव्ह) किंवा ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा) लिहितात. प्रत्येक औषधाची मर्यादा निराळी असते, त्यामुळे मोठं वर्तुळ म्हणजे जास्त चांगलं औषध असं मात्र समजू नये.

म्हणजे इथे ‘सेन्सिटिव्ह’चा अर्थ एवढाच की या औषधापुढे हा जंतू टिकत नाही. यासाठी मराठीत फार नेमका वाक्प्रचार रोजच्या वापरात आहे: आजार औषधाला दाद देतो किंवा देत नाही. ‘हा जंतू या औषधाला दाद देतो’ म्हटलं की पेशंटला लगेच कळतं. ‘संवेदनशील’ म्हटलं की तो बुचकळ्यात पडतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

‘दाद देणे’ मला आवडतो तो आणखी एका कारणाने. त्यात ‘कशाला?’ हे सांगायचं राहून जात नाही. विज्ञानात संवेदनशीलता नेहमी कशाच्या तरी संदर्भात असते: कॅमेऱ्याची फिल्म प्रकाशाला, सोनाराचा काटा वजनातल्या मिलिग्रॅमच्या फरकाला. किती लहान बदलाला किती मोठा प्रतिसाद, एवढाच हिशेब. चांगलं-वाईट त्यात नाही. बोलण्यात मात्र ‘ती फार संवेदनशील आहे’ म्हणून आपण थांबतो आणि शब्द गुणवर्णन होऊन बसतो. बातम्यांतलं ‘संवेदनशील मतदान केंद्र’ त्या मानाने विज्ञानाच्या जवळचं आहे. तिथे लहानशा कारणाने मोठा भडका उडू शकतो, असंच सांगायचं असतं.

माणसाबद्दल बोलतानाही छटा सांभाळाव्यात. हळव्या माणसाला स्वतःला पटकन लागतं. संवेदनशील माणसाला समोरच्याचं लागलेलं कळतं. दोन्ही एकाच माणसात असतीलच असं नाही. आणि खपली निघालेली नवी कातडी हुळहुळी असते, तिला ‘संवेदनशील त्वचा’ म्हणायची गरज जाहिरातींनी निर्माण केली. मुळात विद् म्हणजे जाणणे. पाली ग्रंथांत वेदना सुखदही असते, दुःखदही आणि दोन्ही नसलेलीही. मराठीत तिचा अर्थ दुखण्यापुरता उरला, पण ‘संवेदना’त ते जाणणं अजून शाबूत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दांच्या उत्तरार्धात आहे. शील म्हणजे स्वभाव (सहनशील), क्षम म्हणजे पात्रता (कार्यक्षम). म्हणून माणूस संवेदनशील. बोटाचं टोक, उपकरण संवेदनक्षम. जंतूला दोन्ही नकोत.

रिपोर्टांच्याच जगात या शब्दाचा आणखी एक अर्थ भेटेल. ‘या चाचणीची सेन्सिटिव्हिटी 90 टक्के’ म्हणजे खरोखर आजार असलेल्या 100 जणांपैकी 90 जणांना ती पकडते, 10 जण सुटतात. आजार नसलेल्यांना ती बरोबर वगळते का, हे त्या आकड्यावरून कळत नाही; त्यासाठी ‘स्पेसिफिसिटी’, म्हणजे विशिष्टता, वेगळी पाहावी लागते.