जुन्या चीनमध्ये ग्रंथांवर भाष्य लिहिणाऱ्या पंडितांचं राजकारणात इतकं वजन का होतं? ते नुसते पुस्तकी विद्वान नव्हते का?

नुसते पुस्तकी म्हणता येणार नाही, कारण बहुतेक जण सरकारी अधिकारीच होते. सम्राटाला तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणणं जोखमीचं होतं. पण 'प्राचीन ग्रंथाचा अर्थ असा आहे' म्हणता येत असे. त्यामुळे कर, कर्ज, वारसा, कुठलाही वाद असो, तो अनेकदा कुठल्या तरी ओळीच्या अर्थावर येऊन ठेपायचा. माझ्या वाचनातलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अकराव्या शतकातलं, सोंग घराण्याच्या काळातलं आहे.

वांग आन्शी हा सम्राट शन्झोंगचा मंत्री. 1069 मध्ये त्याने शेतकऱ्यांना सरकारी कर्ज देण्याची योजना काढली. जुनं धान्य संपलेलं आणि नवं पीक अजून शेतात, अशा वेळी शेतकरी सावकाराच्या दारात जातो, तो जाऊ नये हा हेतू. व्याज एका हंगामाला साधारण वीस टक्के. सरकारने सावकारी करायची का, अशी ओरड होणारच होती. वांगने 'चौ घराण्याचे विधी' हा प्राचीन ग्रंथ पुढे केला. त्यात सरकारी खातं लोकांना कर्ज देतं आणि व्याजही घेतं, असा उल्लेख आहे.

हान ची हा माजी पंतप्रधान तेव्हा उत्तरेत हपै भागात कारभार बघत होता. त्याने 1070 मध्ये सम्राटाला अर्ज लिहिला, आणि त्यातली मेख बघा. तो ग्रंथ नाकारत नाही, ग्रंथावरची भाष्यं उघडून हिशेब मांडतो. हान घराण्याच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकातला भाष्यकार जंग श्वान एका प्रकारच्या जमिनीसाठी दहा हजार नाण्यांवर वर्षाला पाचशे व्याज सांगतो. पुढे थांग घराण्याच्या काळात या भाष्यावर लिहिलेल्या टीकेत राजधानीपासूनच्या अंतराप्रमाणे दर वाढत जातो, पण सगळ्यात लांबच्या प्रदेशालाही दोन हजारांच्या वर जात नाही. तुमची योजना मात्र वसंतात दहा हजार देऊन दोन हजार घेते, शरदात पुन्हा दहा हजार देऊन पुन्हा दोन हजार. म्हणजे जवळ-लांब न बघता वर्षाला चार हजार! एका टिपेच्या आधारे सरकारचा व्याजदर दुपटीने जास्त ठरवून दाखवला गड्याने.

सम्राट डळमळला. वांग आजारपण सांगून घरी बसला. शेवटी सम्राटाने मनधरणी करून त्याला परत आणलं आणि हान चीच्या मुद्द्यांचं खंडन सरकारी खर्चाने देशभर पाठवलं गेलं.

यातून वांगने धडा घेतला असावा, हा माझा अंदाज. जुनी भाष्यं विरोधकाच्या हाती शस्त्र देत असतील तर भाष्यच नवं लिहायचं. 1071 मध्ये वरच्या सरकारी परीक्षेतून कविता गेली आणि ग्रंथांचा अर्थ लिहिणं आलं. 1073 मध्ये भाष्यासाठी वेगळं कार्यालय निघालं. 1075 मध्ये तीन ग्रंथांवरची नवी अधिकृत भाष्यं बाहेर पडली. 'विधीं'वरचं वांगने स्वतः लिहिलं, बाकीच्यांत त्याच्या मुलाचा हात होता. नोकरी हवी तर हाच अर्थ घोका. विरोधक चिडले ते याच्यावर जास्त. कर्जयोजना उद्या रद्द करता येते, पण एका साच्यातून निघालेले अधिकारी पुढची तीस वर्षं खुर्चीत असतात. वांगलाही म्हणे नंतर वाईट वाटलं: घोकंपट्टीवाल्यांना विद्वान करायला गेलो, तर विद्वानच घोकंपट्टीवाले झाले!

1085 मध्ये शन्झोंग वारला, पुढच्याच वर्षी वांगही गेला आणि विरोधकांनी त्याच्या योजना एकामागून एक मोडीत काढल्या. मग वारं पुन्हा फिरलं, आणि 1104 मध्ये त्याला थेट कन्फ्यूशियसच्या मंदिरात मानाची जागा मिळाली. 1126 मध्ये, राजधानी शत्रूच्या तडाख्यात सापडली त्याच वर्षी, तिथून त्याची पायरी उतरवली गेली.

बाराव्या शतकातला विचारवंत आणि भाष्यकार जू शी याचं नेमकं उलटं झालं. 1200 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या विचारांवर 'खोटी विद्या' म्हणून सरकारी बंदी होती. 1241 मध्ये मात्र सम्राटाने जू शीला त्याच मंदिरात बसवलं आणि वांगला कायमचं बाहेर काढलं. 1313 मध्ये मंगोल राजवटीने परीक्षा पुन्हा सुरू करायचं ठरवलं तेव्हा जू शीची भाष्यं प्रमाण मानली, आणि 1905 मध्ये परीक्षाच बंद होईपर्यंत मुलं तीच पाठ करत होती.